फोन कुठल्या कानाला लावता?

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या काचेवर लावली आणि पेनाच्या टोकानं एक पांढरा गोळा दाखवला. सुपारीएवढा असेल.

"आजी, ही गाठ. डाव्या कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूला अगदी खेटून."

मी तेव्हा चोपन्न वर्षांची होते. आजी म्हटल्याचा राग आधी आला, गाठीची भीती नंतर. त्या वेळी माझ्या डोक्यात सगळं असंच उलट्या क्रमानं चालायचं. आता ऐंशीला टेकल्यावर त्या बाईची आठवण काढते तेव्हा आधी हसू येतं आणि मग तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

गाठीचं नाव त्यांनी सांगितलं, अकूस्टिक न्यूरोमा. मेंदूतून कानाकडे एक नस जाते, ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. तिच्यावर वाढणारी ही गाठ. कॅन्सर नव्हे. सावकाश वाढते, पण जागा अवघड असते. शेजारूनच चेहऱ्याची नस जाते, आणि गाठ मोठी झाली की दोन्ही नसा दाबते.

हे सगळं ऐकून मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? बरी होईन का, असं नाही. मी माझ्या मुलाकडे, सुनीलकडे, वळून म्हणाले, "बघ. म्हटलं नव्हतं?"

सुनीलनं मान खाली घातली.

"काय म्हटलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मोबाईल," मी म्हणाले. "यानं घरात मोबाईल आणला, त्याच्या लहरींनी झालं हे. आमचे दीर विज्ञानाचे शिक्षक होते, ते पहिल्या दिवसापासून सांगतायत."

टेबलावरचा फोन डॉक्टरांनी माझ्यापुढे सरकवला. "समजा, घरून फोन आलाय. घ्या बरं."

मला वाटलं, डोकं ठिकाणावर आहे का ते बघतायत. मी रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि मोठ्या झोकात "हॅलो" म्हणाले.

"तसाच धरून ठेवा. कुठला कान आहे हा?"

"उजवा."

"गाठ कुठं आहे?"

सुनीलनं मान वर केली आणि माझ्या हाताकडे बघत राहिला.

"नेहमी उजव्यालाच लावता?"

"डाव्या कानाला बुगडी टोचते ना." माझ्याकडे उत्तर तयार होतं. कैक वर्षं मी ते सगळ्यांना देत आले होते.

डॉक्टर वाकले, माझा डावा कान नीट पाहिला. "बुगडी कुठंय?"

बुगडी सुनेच्या कानात होती. तिच्या लग्नात मीच हौसेनं घातली होती. त्याला सात वर्षं झाली होती.

"म्हणजे बुगडी जाऊन सात वर्षं झाली, तरी फोन उजव्याच कानाला," डॉक्टर म्हणाले. "टोचतं म्हणून नाही आजी, त्या कानानं ऐकू येत नाही म्हणून. आणि मोबाईल घरात कधी आला?"

"गेल्या दसऱ्याला," सुनील म्हणाला. त्या दिवशी दवाखान्यात तो एवढंच बोलला.

आता मागचं सांगते.

आम्ही मूळचे काष्टीचे. सुनीलनं भाजीपाल्याच्या वाहतुकीचा धंदा सुरू केला, दोन टेम्पो घेतले, आणि आम्ही नगरला सावेडीत राहायला आलो. पुण्याच्या बाजारात माल कधी पोचला, टेम्पो कुठं अडकला, हे कळायला त्यानं सत्त्याण्णवच्या दसऱ्याला मोबाईल आणला. आमच्या भागात तो पहिलाच. वीटभर जाड, वर काडी. आलेल्या फोनालाही पैसे पडायचे, म्हणून वाजला की घरातले सगळे दचकायचे. रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. सुनील टाकीला एका हातानं धरून बोलत असायचा, आणि समोरच्या बंगल्यातले लोक चहा पीत त्याच्याकडे बघायचे.

दसऱ्याला आमच्यात धंद्याच्या हत्यारांची पूजा असते. टेम्पो, तराजू, कोयते, आणि त्या वर्षी पाटावर मोबाईल. हळद-कुंकू मी स्वतः वाहिलं, तेही चांगलं मूठभर. ते बटणांत गेलं आणि पाचाचं बटण कायमचं चिकट झालं. आमच्या घरात 'हे' कमी बोलायचे. त्या दिवशी म्हणाले, "आगं, यंत्र हाय ते, नवरदेव न्हाई. किती हळद लावशील?"

मी मोबाईलवर किती बोलले? दसरा ते संक्रांत या काळात माझ्या भावाशी दोनदा, बहिणीशी एकदा. दर वेळी गच्चीवर, उजव्या कानाला. तेवढ्यात फोन कट व्हायचा.

दिवाळीच्या सुमारास डाव्या कानात शिट्टी ऐकू यायला लागली. बारीक, एकसुरी, लांबच्या घरात कुकर लागलाय आणि कुणी गॅस बंद करत नाहीये, अशी. आधी मी खरंच स्वयंपाकघरात जाऊन बघायचे. मग कळलं की कुकर माझ्यातच लागलाय. याला टिनिटस म्हणतात, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात वाजणं.

भाऊजींना सांगितलं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, चार घरं सोडून राहायचे. हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं. निवृत्त झाले तरी खडू हातात असल्यासारखे बोलायचे. त्यांनी वर्तमानपत्रातलं एक कात्रण आणलं. परदेशातल्या कुणीतरी मोबाईलमुळे डोक्याला आजार झाल्याची तक्रार केली होती, अशी बातमी.

"वहिनी, मोबाईलच्या लहरी आणि स्वयंपाकाच्या मायक्रोवेव्ह भट्टीतल्या लहरी एकाच कुळातल्या. भट्टीत बटाटा शिजतो. आता डोक्यात काय होईल ते तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? मला बटाटा डोळ्यापुढं दिसला.

खरं सांगायचं तर मला ते आवडलंसुद्धा. नुसता कान वाजतोय म्हटलं तर कोण विचारतंय? पण मोबाईलनं कान वाजतोय म्हटल्यावर सावेडीतल्या बायका बघायला यायला लागल्या. काष्टीहूनही आल्या.

"आगं बाई, लहरी शिरल्या म्हनं डोक्यात?"

"दिसत्यात का गं त्या?"

"दिसत न्हाईत तेच तर लई वंगाळ. पोरानं आनला आन् आईनं भोगला."

हे वाक्य सुनीलच्या समोर बोललं गेलं. तो टेम्पोच्या चाव्या घेऊन उठून गेला. त्यांना गप्प बस म्हणायचं सोडून मी चहात साखर जास्त घातली आणि उसासा टाकला. नाटकात कामच मिळालं होतं मला, तेही मुख्य.

मग मोबाईलची रवानगी डब्यात झाली. भाऊजी म्हणाले, धातूच्या डब्यातून लहरी बाहेर येत नाहीत. वैशालीच्या, म्हणजे सुनेच्या, रुखवतातला लाडवांचा स्टीलचा डबा रिकामा केला आणि फोन त्यात. झाकण घट्ट. साहजिकच फोन वाजायचा बंद झाला. त्या आठवड्यात एक टेम्पो शिरूरपाशी बंद पडला आणि ड्रायव्हर दिवसभर फोन लावत बसला. टोमॅटो गेले. सुनीलनं डब्याचं झाकण उघडलं, फोन काढला आणि विकून टाकला. पुन्हा एसटीडी बूथच्या रांगेत उभा राहायला लागला. मला वाटलं, चला, आता कान बरा होणार.

शिट्टी चालूच होती.

घरच्या डॉक्टरांनी मळ असेल म्हणून थेंब दिले. मग मानेचा दोष म्हणून पट्टा दिला. तो घालून मी सत्यनारायणाला गेले तर लोकांना वाटलं अपघात झाला. मग चक्करच्या गोळ्या आल्या. शेवटी चैत्रात वैशालीच्या आग्रहानं कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. लग्नही न झालेली मुलगी. मी तिच्याकडे बघून म्हटलं, हिला काय कळणार.

तिनं ऑडिओमेट्री केली, म्हणजे ऐकण्याची तपासणी. काचेच्या बंद खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन घालतात, बारीक बारीक आवाज सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं. उजवा कान झकास झाला. डाव्याची वेळ आली आणि काहीच येईना. आता नापास व्हायचं का? शाळेत मी कधी नापास झाले नव्हते. मी काचेतून त्या मुलीच्या हाताकडे बघायला लागले. तिचा हात हलला की बटण दाबायचं. बरंच बरोबर आलं असं वाटलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आजी, शेवटी चार वेळा मी नुसताच हात हलवला. आवाज दिलाच नव्हता."

वैशाली तोंडावर पदर धरून हसली. मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

डॉक्टरीणबाईंनी मात्र हसणं आवरून सांगितलं, "दोन्ही कान सारखेच कमी झाले असते तर वय म्हटलं असतं. एकच कान गेलाय, त्यातच शिट्टी आहे, आणि चालताना तुम्ही डावीकडे झुकता. पुण्याला जाऊन एमआरआय करा. मेंदूची तपासणी. उशीर करू नका."

ते कुणाला तरी ऐकू यायला हवं होतं. माझा कान गेलाच होता, पण घरातल्या बाकीच्यांचे तरी चांगले होते.

भाऊजींनी एमआरआय म्हणजे काय ते आधीच वाचून ठेवलं होतं. "वहिनी, त्यात मोठं चुंबक असतं आणि रेडिओ लहरी सोडतात. म्हणजे ज्यानं झालं त्याच्याच तोफेच्या तोंडी जायचं? आधी अंगातल्या लहरी उतरू द्या. मोबाईल गेलाय ना घरातून? सहा-आठ महिने थांबा. शरीर आपोआप बाहेर टाकतं."

असं काही नसतं. लहरी म्हणजे जेवणातलं तेल नव्हे, अंगात साठायला आणि उतरायला. हे मला पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण त्या वेळी आमच्या घरात लहरी उतरायची वाट बघणं सुरू झालं. कुणी विचारलं की आम्ही गंभीरपणे सांगायचो, "उतरतायत हळूहळू." भाऊजींनी ताक आणि तुळशीचं पाणी सांगितलं होतं. मी ते नेमानं घेतलं. ताकानं दुसरं काही नाही तरी पोट साफ राहिलं.

वैशाली दोनदा म्हणाली, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय तर जाऊन येऊ ना."

"तुला काकांपेक्षा जास्त कळतं का?" असं मी म्हणाले होते. आता ते वाक्य आठवलं की मी एकटी असले तरी इकडेतिकडे बघते.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. मी भिंतीला धरून चालायला लागले. रिक्षातून उतरताना सरळ रस्त्यावर बसले. डाव्या गालाला मुंग्या आल्यासारखं व्हायचं, मग ते मुंग्यांचंही बंद झालं. गणपतीत एक दिवस चहा पीत होते. वैशाली समोर होती. ती एकदम उठली आणि तिनं माझ्या हातातली बशी काढून घेतली.

"आई, चहा सांडतोय."

"कुठं?"

"तुमच्या तोंडातून."

पातळावर एवढा मोठा डाग पडला होता आणि ओठावरून चहा वाहत होता. गरम. मला काही कळलं नव्हतं.

त्या दिवशी वैशालीनं कुणाला विचारलं नाही. पुण्याची तारीख घेतली आणि मला म्हणाली, "काकांना सांगायचं साड्या घ्यायला चाललोय. आणि तुम्ही तोंड उघडलंत तर मी माहेरी जाते." सासूला असं बोलणारी सून मी त्याआधी पाहिली नव्हती. मला भीतीच वाटली तिची.

एमआरआयच्या दाराशी सगळा धातू काढायला लावतात. मंगळसूत्र काढायला मी तयार नव्हते. तिथला माणूस रोज अशा बायका बघत असणार. म्हणाला, "मावशी, चुंबक आहे, गळ्याला ओढ लागेल." मग वैशालीनं दोन काळे मणी दोऱ्यात ओवून गळ्यात बांधले. बांगड्या साबणानं निघाल्या. जोडवी निघेनात. 'हे' दारात बसून बोटाला तेल लावत होते. लग्नात त्यांनीच घातली होती ती, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या पायाला हात लावत होते. मला हसू आलं. मी हसले तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि पटकन खाली बघितलं. माझं हसू एकाच बाजूला होतं, हे मला आरसा नसल्यानं माहीत नव्हतं.

आत नळीत झोपवतात. ठाक ठाक असा मोठा आवाज येतो, कुणी पत्र्यावर घण घालतंय असा. दुखत नाही. त्यातले लोक सांगतात की एक्स-रेसारखे किरण यात नसतातच. एवढ्याला घाबरून आम्ही चैत्रापासून गणपती उलटेपर्यंत ताक पीत बसलो होतो.

आणि मग तो सुपारीएवढा गोळा, आणि टेबलावरचा फोन.

मी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले. तुम्हालाही ते पडतील, म्हणून उत्तरं सांगते.

मोबाईलनं डोक्याला काही होतं का? डॉक्टर म्हणाले, "अशी गाठ मोबाईलनं होते असं आजवर कुणी दाखवलेलं नाही. कधीच काही होणार नाही असं मीही छातीठोकपणे सांगणार नाही, यंत्र नवीन आहे, बघणारे बघतायत. पण तुमची गाठ मोबाईलच्या कितीतरी आधीची आहे. आणि तो तुम्ही या कानाला कधी लावलेलाच नाही."

दुसरा प्रश्न: चैत्रात आले असते तर? त्यावर ते म्हणाले, "गाठ लहान असती. चेहऱ्याची नस वाचवायला सोपं गेलं असतं. वाचली असतीच असं नाही सांगता येत." आणि मग म्हणाले, "आता हा विचार करू नका." डॉक्टर लोक हे वाक्य फार सहज म्हणतात. मी तो विचार अजून करतेय.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. कानामागचे केस काढून, कवटीला छोटी खिडकी पाडून गाठ काढली. सकाळी नेलं ते दिवेलागणीला बाहेर आणलं. गाठ पूर्ण निघाली. डावा कान पूर्ण गेला. चेहऱ्याची नस गाठीवर पापुद्र्यासारखी पसरली होती, ती जपूनही दुखावली. शुद्धीवर आले तेव्हा डावा डोळा मिटत नव्हता. त्याला फेशियल पाल्सी म्हणतात, म्हणजे अर्ध्या चेहऱ्याचा लकवा. झोपताना पापणीवर पट्टी चिकटवायची, दिवसभर डोळ्यात थेंब घालायचे. जेवताना घास गालात अडकून बसायचा, तो बोटानं काढायचा. आरशासमोर बसून फुंकर मारायची, शीळ घालायची, भुवया उडवायच्या. चोपन्नाव्या वर्षी मी आरशासमोर शीळ घालायला शिकले. वाजली मात्र कधी नाही. हवा डावीकडून पळून जायची.

आणि शिट्टी? ती आहे. कान गेला तरी कानातला कुकर गेला नाही. हेही आधी सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही फसणार नाही.

सुनील दवाखान्यात माझ्यापाशी बसायचा. डॉक्टरांचं सगळं त्यानं ऐकलं होतं. तरी एका दुपारी म्हणाला, "आई, मी तो फोन आणायलाच नको होता."

"अरे, ऐकलं नाहीस का डॉक्टरांचं? उजवा कान, डावी गाठ."

"ऐकलं ना."

त्यानं एवढंच म्हटलं आणि मोसंबं सोलत राहिला. वर्षभर घरी येईल त्या प्रत्येक माणसाकडून त्यानं ऐकलं होतं की त्याच्या फोननं आईचं डोकं पोखरलं. मी प्रत्येक वेळी उसासा टाकला होता. डॉक्टरांनी ते दोन मिनिटांत खोटं ठरवलं. पण वर्षभराचं दोन मिनिटांत कसं पुसलं जाणार?

पुढच्या वर्षी आमच्या कॉलनीत मोबाईलचा टॉवर येणार अशी बातमी आली. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या गच्चीवर. विरोधासाठी सभा ठरली. अध्यक्ष भाऊजी. कॉलनीचे सेक्रेटरी घरी आले आणि म्हणाले, "काकू, तुम्ही यायचं. पुढच्या खुर्चीवर बसायचं फक्त."

"बसून काय करू?"

"काही नाही. पदर जरा मागं घ्यायचा, म्हणजे चेहरा दिसेल. बोलायचं ते आम्ही बोलू."

ऐकताय ना? माझा वाकडा चेहरा त्यांना फलकासारखा हवा होता.

मी गेले. पदर मागं घेतला. हॉल भरला होता. सुनील सगळ्यात मागं, दारापाशी उभा होता. भाऊजी बटाट्यापासून सुरू झाले. मग माझ्याकडे हात केला, "आमच्या वहिनींचं उदाहरण तर तुमच्या डोळ्यांसमोर आहे." लोक माना लांब करून बघायला लागले. एका बाईनं डोळ्याला पदर लावला.

मी उठले. तोल जायचा, म्हणून खुर्ची धरून उभी राहिले.

"टॉवर नको असेल तर नको म्हणा," मी म्हणाले. "माझी ना नाही. मलाही तो गच्चीवर बघायला आवडणार नाही. पण मला पुढं करू नका. माझी गाठ जुनी होती, मोबाईलच्या आधीची. मोबाईल मी उजव्या कानाला लावला, तोही तीनदा. गाठ डावीकडे निघाली. माझ्या मुलानं मला काही केलेलं नाही. माझा चेहरा वाकडा झाला तो लहरींनी नाही, तपासणीला घाबरून घरी बसलो म्हणून."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "डॉक्टर असंच सांगतात हो, कंपन्यांचे हात असतात."

आणि भाऊजी प्रेमानं, अगदी प्रेमानं, म्हणाले, "वहिनी, बसा तुम्ही. डोक्याचं एवढं मोठं ऑपरेशन झालंय. माणसाला मागचं नीट आठवत नाही."

मी बसले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं भाषण ऑपरेशनच्या खात्यात जमा झालं. मागं वळून पाहिलं तर सुनील दारात नव्हता. त्यानं किती ऐकलं, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

टॉवर कोपऱ्यावर झाला नाही, दोन गल्ल्या सोडून झाला. भाऊजींनी पुढं स्वतःच मोबाईल घेतला. शेवटपर्यंत छातीच्या खिशात असायचा, आणि वाजला की सगळ्यांना गप्प करून तासतासभर बोलायचे. डोक्याला काही झालं नाही त्यांच्या. जे होतं ते आधीपासूनच होतं.

हे वाचणाऱ्यांना माझं सांगणं थोडं आहे. एकाच कानात शिट्टी वाजत असेल, एकाच कानानं कमी ऐकू येत असेल, चालताना तोल एका बाजूला जात असेल, तर ऑडिओमेट्री करा, आणि काचेतून हाताकडे बघू नका. पुढची तपासणी सांगितली तर करा. कारण शोधत बसू नका, आधी गाठ शोधा. मोबाईलचं म्हणाल तर अलीकडेच मी कानाच्या डॉक्टरांना पुन्हा विचारलं, इतक्या वर्षांत काय निघालं? म्हणाले, शोध पुष्कळ झाला, ठोस असं काही हाती लागलं नाही, अजून बघतायत. बघू द्या त्यांना. त्यांचं काम आहे ते.

आभार दोघींचे. त्या डॉक्टरीणबाईंसाठी मी पेढे घेऊन गेले होते. त्या दुसऱ्या गावी गेल्या होत्या, दवाखान्याला कुलूप होतं. पेढे वैशालीलाच दिले. तिच्याही वाट्याचे तेच होते.

सुनील आणि वैशाली आता पुण्यात असतात. सुनीलचा दर रविवारी फोन येतो. "आई, जेवलीस का? गोळ्या घेतल्यास? ठेव आता, जास्त वेळ कानाला धरू नकोस." मिनिटभरात संपतं. माझ्याकडे एकच कान उरलाय ना, त्याला तो जपतो. डॉक्टर काय म्हणाले होते ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. तरी फोन कानाशी म्हटलं की त्याचा आवाज बदलतो. एकदा म्हणाला, "स्पीकरवर टाक आणि टेबलावर लांब ठेव, मग बोलू." पण घरभर घुमणाऱ्या फोनवर, स्वयंपाकाच्या बाई भांडी घासत असताना, मुलगा आईला काय सांगणार? पाऊस कसा आहे, एवढंच.

म्हणून मी हल्ली फोन उचलला की आधीच सांगते, "ठेवलाय रे टेबलावर. बोल." आणि उजव्या कानाला घट्ट लावून बसते. मग तो जरा जास्त बोलतो. धंद्याचं सांगतो, गुडघा दुखतो ते सांगतो, मुलीचं लग्न जमत नाही ते सांगतो.

मागच्या रविवारी बोलता बोलता मध्येच थांबला.

"आई, फोन नक्की टेबलावर आहे ना? तुझा श्वास ऐकू येतोय."

"पंखा असेल," मी म्हणाले. "तू बोल."